देवा, यांचं बीपी वाढू दे

आमच्या घरात बीपी हे एखाद्या खाष्ट सासऱ्यासारखं राहत होतं. लोणचं त्याला विचारून, पापड त्याला विचारून, भजी तर त्याच्या पाठीमागेच. बीपी यांचं, पण पथ्य सगळ्यांना. रोज सकाळी चहाच्या आधी गोळी, मग यंत्राचा पट्टा दंडाला. आकडा जास्त आला की मीठ मी जास्त घातलेलं असायचं. कमी आला की प्राणायामाचा गुण, आणि प्राणायाम अर्थातच यांचा.

त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात यांना थंडी वाजून ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली आणि यंत्राने वरचा आकडा ऐंशी दाखवला, तेव्हा यांनी ताबडतोब निदान केलं, "यंत्र बिघडलं." सेल बदलले. मला पट्टा लावून पाहिला, माझं आपलं नेहमीचंच आलं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना बोलावून त्यांना लावला, त्यांचंही ठीक. "बघ, फक्त मलाच चुकीचं दाखवतंय," हे म्हणाले. आता दोन बायकांशी खरं बोलणारं यंत्र यांच्याशीच का खोटं बोलेल? पण तापलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. ताप नसतानाही यांच्याशी घालता येत नाही, ती गोष्ट वेगळी. शाल गुंडाळून, वॉरंटीचं कार्ड खिशात घालून हे निघाले यंत्र घेतलं होतं त्या बिबवेवाडीतल्या दुकानात. मी रिक्षात शेजारी, यांना धरून.

दुकानदाराने पट्टा आधी स्वतःला लावला, मग यांना. चष्म्यावरून एकदा यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "यंत्राची गॅरंटी आहे. यांची माझ्याकडे नाही. रिक्षा सोडली नाहीत ना?"

त्याच रिक्षातून हॉस्पिटल. तासाभरात हे आयसीयूत आणि मी बाहेरच्या बाकावर. नातीच्या वयाची एक डॉक्टर बाहेर आली. "आजी, लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलंय. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडल्यात. सलाईन भरपूर दिलं, तरी प्रेशर धरत नाहीये. म्हणून त्या आवळणारं औषध सुरू केलंय. सध्या हाताच्या शिरेतून देतोय, पण डोस वाढवावा लागतोय. त्या शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायला हवी. तुमची सही लागेल."

मी सातवी शिकलेली. पण समजून घेतल्याशिवाय मला घास जात नाही. म्हटलं, "म्हणजे नाडी सैल झाली की पोट कितीही फुगवलं तरी लेंगा राहत नाही. नाडीच आवळावी लागते. तसं?"

ती पोरगी हसली. "अगदी तसंच. पण नाडी आवळून इन्फेक्शन जात नाही हां. ते काम अँटिबायोटिकचं. तोवर प्रेशर धरून ठेवायचं."

"आणि नाहीच आवळली तर?"

तिचं हसू गेलं. "किडनी, मेंदू, कुठेच पुरेसं रक्त पोचणार नाही. वेळ घालवू नका, आजी."

आता आमच्या घरात सह्या यांच्या. गॅसच्या पावतीवरसुद्धा माझी सही चालत नाही, वळण बरोबर नाही म्हणून. मी पेन धरलं, तेवढ्यात सदाशिव पेठेतून दीर आणि नणंद स्कूटरवरून येऊन पोचले. काय चाललंय ते मी सांगितलं.

"वहिनी, थांबा!" दीर म्हणाले. "दादाला बीपी आहे!"

"होतं."

"बीपीच्या माणसाला बीपी वाढवायचं औषध? उद्या डायबेटिसवाल्याला जिलबी देतील!"

"साखर उतरली की देतातच, भावोजी. तुमच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या कशाला असतात?"

दीरांचा हात खिशाकडे गेला. मग नणंद रडायला लागली. "वहिनी, दादाचं बीपी उतरावं म्हणून मी संकष्टी धरलीये हो. आता कुठे उतरलंय, आणि लगेच चढवायचं? देवाला काय वाटेल?"

दीरांनी तेवढ्यात घरच्या ग्रुपवर प्रश्न टाकलाही. एका मावसबहिणीने हात जोडले, एका भाच्याने बीटचा रस सुचवला, आणि एकाने प्रश्न न वाचताच गुलाबाचं फूल पाठवलं. "सगळ्यांचं मत येऊ दे," दीर म्हणाले. "नाहीतर दादा शुद्धीवर आल्यावर त्याला न विचारता केलं म्हणून चिडेल."

शुद्धीवर आल्यावर! मी उठले आणि आत गेले. यांचा हात गार, घामट. डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली तर भिंतीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यावर चिडला नाही असा दिवस गेला नसेल. त्या क्षणी मला त्याच्या चिडण्याची केवढी भूक लागली म्हणून सांगू! बाहेर येऊन सही केली. वळण वाकडंच आलं.

मग सगळं उलटंच सुरू झालं. ज्या घरात आकडा वाढला की सुतक, तिथे काचेतून दिसणाऱ्या मॉनिटरवर आकडा वर सरकला की आम्ही एकमेकांचे हात दाबत होतो. नणंदेने बाकावरच डोळे मिटून देवाला नवीन अर्ज केला, "मागचं रद्द समज. दादाचं बीपी वाढू दे." आता देवही गोंधळला असेल, पण त्याने ऐकलं म्हणायचं.

नुसतं देवाने नव्हे म्हणा, औषधानेही. औषध फुकट काम करत नाही. नाडी सगळीकडेच आवळली जाते, त्यात पायाच्या करंगळीचं टोक काळं पडलं. डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही, सरळ दाखवलं.

"बघा, मी म्हणत होतो!" दीर.

"भावोजी, करंगळीचं टोक गेलं तरी चालता येतं. काल तुमचे दादाच जायला निघाले होते."

ताप उतरला, तसा डोस हळूहळू कमी केला. एक दिवस औषधाचा पंप बंद केला, तरी प्रेशर आपल्या पायावर उभं राहिलं. यांना वॉर्डात आणलं. दोन घास खिचडी पोटात गेली, आणि कुणीतरी, बहुतेक दीरांनीच, सहीचं सांगितलं.

"मला न विचारता सही केलीस?" हे म्हणाले. आवाज बारीक, पण धार तीच.

"अहो, तुम्ही मला ओळखत नव्हता."

"म्हणून काय झालं? थांबायचं, विचारायचं. शरीर माझं आहे."

"बरं, आता विचारते. मानेत नळी घालू का?"

यांनी डोळे मिटून गंभीरपणे विचार केला. मग म्हणाले, "डॉक्टर काय म्हणतात?"

"घाला म्हणतात."

"मग घाला," हे म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.