ढोमणे साहेबांची काळी पट्टी

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये राहणाऱ्या ढोमणे साहेबांनी मला फसवलं. जुनी गाडी विकताना तिच्या ब्रेकचा दोष माझ्यापासून लपवला. बाकी माणूस सज्जन होता, कोणाशी मोठ्याने बोलत नसे, देवळात चपला नीट जोडून ठेवत असे, आणि अख्ख्या सेक्टरात त्यांच्याविरुद्ध बोलणारा कोणी नाही, बाहेरचा मी एकटाच आहे. म्हणून तर लिहावं लागतंय.

साहेबांची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये गेली. भट्टीत कुठे काही बिनसलं की तिथे पॅनेलवर दिवा लागतो आणि भोंगा ओरडायला लागतो. मग माणूस एक बटण दाबतो आणि भोंगा गप्प होतो. त्या बटणाला म्हणतात अ‍ॅक्नॉलेज. म्हणजे, आम्ही पाहिलं, कळलं, आता ओरडू नकोस. बिघाड तिथेच असतो, फक्त त्याचा आवाज जातो. निवृत्त होताना लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी येतात. साहेब ते बटण डोक्यात बसवून आले.

दूधवाल्याने बेल वाजवली की खुर्चीतून न उठता ते म्हणत, "अ‍ॅक्नॉलेज." न्हाणीघराचा नळ गळतोय हे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा सांगत, तेव्हाही तेच. माझं मोहन नगरात हार्डवेअरचं दुकान आहे. त्या नळाचा वॉशर घ्यायला साहेब सायकलवर भिलाईहून दुर्गला येत, वॉशर सोडून जगातलं सगळं बघत आणि हात हलवत परत जात. मी एकदा विचारलंच, की साहेब, नळ दुरुस्त करायचा आहे की नाही? त्यावर त्यांनी मला ज्ञान दिलं. "शेठ, भोंगा बंद झाला का माणूस शांतीनं विचार करते. तुमी लोकं भोंग्यासंगच भांडून राहिले." शांतीने विचार चालू होता तोवर न्हाणीघरात शेवाळ आलं.

मी उतई गावचा. वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकत होते, मला वारशात त्यांचा आवाज तेवढा मिळाला. त्या आवाजावर मी दुकान उभं केलं. भाव केल्याशिवाय मी देवाला नारळसुद्धा घेत नाही, आणि त्याची मला लाज नाही. तर काकू वारल्यावर साहेबांनी गाडी विकायची ठरवली, तेव्हा मी तयारीनेच गेलो. बॉनेट उघडलं, टायरवर लाथ मारली, तेलाची काडी ओढून नाकाजवळ नेली आणि एक सुस्कारा सोडला. माझ्या त्या सुस्काऱ्याने भलेभले विकणारे खचले आहेत. मग मी एक असा भाव सांगितला, जो नाकारला जावा म्हणूनच सांगतात. साहेब म्हणाले, "चालते." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

 पुढची सगळी वाक्यं तोंडात तयार होती, ती तशीच गिळून घरी यावं लागलं. जाताना साहेब एवढंच म्हणाले, की जरा अंतर ठेवून चालवा. वडीलकीचा सल्ला समजून मी मान डोलावली. तिथेच माझं डोकं चालायला हवं होतं.

गाडी मुलीसाठी घेतली होती. पल्लवी भिलाईत नोकरीला लागली होती, आणि एवढ्या ट्रकांमधून तिने स्कूटर चालवू नये असं तिच्या आईचं म्हणणं होतं. एका दुपारी ती परत येत होती. प्लांटची शिफ्ट सुटलेली, रस्ता सायकलींनी भरलेला, आणि दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरने अर्धा रस्ता ओला केलेला. समोर एक सायकलवाला आडवा आला. तिने ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळेना. अशा वेळी चाकं जाम होऊ नयेत म्हणूनच त्या गाडीत एबीएस नावाची सोय आहे. ती सोय शांतीने विचार करत होती. गाडी घसरत जाऊन दुभाजकाला धडकली. सायकलवाला गवतावर पडला, उठला, सायकल तपासली आणि पल्लवीला छत्तीसगढीत भरपूर ऐकवून निघून गेला. त्याला खरचटलंही नाही. पण पल्लवीने पुढे कितीतरी दिवस किल्लीला हात लावला नाही.

मेकॅनिकने मीटरची चौकट उघडली. गाडी चालू करताना एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझायला हवा, आणि बिघाड असेल तर लागलेलाच राहायला हवा. आमच्या गाडीत तो कधी दिसलाच नव्हता. त्यावर आतून काळी चिकटपट्टी लावली होती. ओबडधोबड नाही, दिव्याच्या मापाची, कडा कात्रीने गोल केलेली. मेकॅनिक म्हणाला, ज्याने लावली त्याचा हात साफ आहे. हे कौतुक मी कसं ऐकून घेतलं ते माझं मला माहीत.

तसाच सेक्टर सहाला गेलो. साहेब बाहेर मेथी निवडत बसले होते. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, शेजारच्या क्वार्टरमधली माणसं बाहेर आली होती. साहेबांनी आधी पल्लवीला लागलं का ते विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी हातातली मेथीची काडी ताटात ठेवली.

"तुम्ही लपवलं," मी म्हणालो.

"लपवलं नाही, शेठ. अ‍ॅक्नॉलेज केलं होतं. अंतर ठेवून चालवा म्हनलं नव्हतं का मी तुमाले?"

"दिवा का झाकला ते सांगा."

"उद्या गाडी घेऊन या. पाहू काय झालं तं."

म्हणजे ज्याने दिवा झाकला, तोच आता बिघाड शोधणार. पण मेकॅनिकने तोवर स्कॅनर लावून पुढच्या उजव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला होता आणि गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळताच दिवा पुन्हा लागला होता. पट्टी अर्थातच मी काढून फेकली होती. तेव्हा झक मारत सेक्टर सहा.

साहेब जुना पायजमा घालून, वीज तपासायचा मीटर घेऊन चाकाशी बसले. काढलेला जुना सेन्सर त्यांनी आधी मला दाखवला. त्याच्या चुंबकाला लोखंडाच्या भुकटीची दाढी आली होती. "अर्धा प्लांट तं इथंच चिपकला आहे," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मी हसलो नाही. मग पल्लवीला त्यांनी आत बसवलं आणि स्टिअरिंग हळूहळू फिरवायला लावलं. चाक सरळ असताना मीटरवर आकडा यायचा, पूर्ण उजवीकडे वळलं की जायचा. वायर बाहेरून धडधाकट, आतून तुटलेली, वळणावर ताण आला की सुटायची. तेवढा तुकडा बदलला, दिवा विझला. नंतर कितीतरी रविवार साहेब पल्लवीला रिकाम्या मैदानावर घेऊन जात, पाणी ओतून ओल्या जागेवर ब्रेक मारायला लावत. पायाखाली पेडल थरथरलं की घाबरू नको, ते काम करून राहिलं, असं ते तिला सांगत. ती पुन्हा गाडी चालवू लागली. हे सगळं त्यांनी केलं, नाकारत नाही. फक्त 'मी लपवलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मी दर रविवारी विचारायचो, ते दर रविवारी चहा पुढे करायचे.

मग प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली आणि साहेब नागपूरला मुलाकडे निघाले. दुर्ग स्टेशनवर आम्हीच सोडलं, त्याच गाडीने. डब्यात चढताना मी शेवटचं विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की मागच्या चाकांच्या वायरीही एकदा बघून घ्या. गाडी सुटली.

परत येताना पल्लवी म्हणाली, "बाबा, काकूंसाठी लावली होती पट्टी."

काकूंना उपचारासाठी वरचेवर इस्पितळात न्यावं लागे. गाडीत बसल्या की त्या पिवळा दिवा बघत आणि त्यांचा श्वास अडकायचा. उतरवा म्हणायच्या. साहेबांनी एका रात्रीत दिवा झाकला आणि गाडी दुरुस्त झाली असं त्यांना सांगितलं. मग त्या खिडकीबाहेर बघत जाऊ लागल्या. त्या गेल्यावर पट्टी काढायला साहेबांचा हात धजला नाही, आणि गाडी दारात उभी बघवेना म्हणून पहिल्याच भावाला हो म्हणून टाकलं. मैदानावर त्यांनी पल्लवीला हे सगळं सांगितलं होतं, आणि तिची माफीही मागितली होती. नीट, हात जोडून.

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलं? पल्लवी समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी म्हटलं त्यांना, बाबांना सांगा. तर म्हणाले, तुह्या बापाले कारण सांगतलं तं तो कारणाचाबी भाव करन."

ढोमणे साहेब, पट्टीचं प्रकरण मी मिटवलं. माझ्या मुलीचा जीव धोक्यात घातलात, तिने माफ केलं, तो तिचा अधिकार. पण हे भाव करण्याचं वाक्य मी सोडणार नाही. काकूंच्या तेराव्याला तुमच्या दारात मांडव मी घातला होता, पंगतीत वाढायला मी उभा होतो, आणि त्या दिवशी मी कशाचा भाव केला? नागपूर काही लांब नाही. चहा माझ्या घरी होईल. समोर बसा, आणि हे माझ्या तोंडावर बोलून दाखवा, किंवा मागे घ्या. अ‍ॅक्नॉलेज चालणार नाही, साहेब. उत्तर पाहिजे.