लक्ष्मीवैनींची साखळी

सीमा गोठणकरला वर्ग घ्यायचाच नव्हता. सोसायटीच्या महिला मंडळातल्या बायका दोनदा घरी येऊन बसल्या, चहा घेऊन गेल्या, आणि तिसऱ्यांदा लिफ्टमध्ये गाठून त्यांनी तिचा होकार गृहीतच धरला. दिवाळीआधी नवशिक्या बायकांना क्रोशाचे छोटे कंदील शिकवायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, खालच्या हॉलमध्ये. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाही तिच्यात उरला नव्हता, म्हणून ती हो म्हणाली.

थकायला तिच्याकडे कारणं होती. सासू अंथरुणाला खिळून होती तेव्हा तिचं सगळं सीमाने केलं. सासू गेली, चाळ पडली, संक्रमण शिबिरातली वर्षं काढली, आणि लालबागच्या त्याच जागेवर टॉवर उभा राहून घराची चावी हातात येते न येते तोच नवऱ्याची किडनी गेली. मग हॉस्पिटल, डायलिसिस, पथ्याचं पाणी मोजून देणं. दोन वर्षांपूर्वी तेही संपलं. मुलगी लग्न होऊन ठाण्याला. आता आपण झोपू, एवढंच सीमाने मनाशी ठरवलं होतं. पण सवय अशी की दुपारी डोळा लागला की कुणीतरी हाक मारल्यासारखं होऊन ती उठून बसायची.

क्रोशा तिला शिकवला तो थोरल्या जावेने, लक्ष्मीवैनींनी. सीमा देवगडाकडून लग्न होऊन आली तेव्हा दोघा भावांचे संसार एकाच खोलीत होते. पुढे शेजारची खोली मिळाली, पण भिंत आली तरी लक्ष्मीवैनींची नजर भिंतीतून यायची. चाळीत कुणाच्याही पोरीचं लग्न ठरलं की रुखवतातलं तोरण लक्ष्मीवैनींच्या हातचं. त्या सीमाला शेजारी बसवायच्या, विणकाम हातात घ्यायच्या, डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या आणि एक शब्द न बोलता दोरा ओढून सगळं उसवून टाकायच्या. संध्याकाळभर विणलेलं गोल नक्षीचं पदक क्षणात दोऱ्याचा गुंता होऊन मांडीवर पडायचं. सीमा मोरीत जाऊन रडायची आणि परत येऊन पहिल्यापासून धरायची. त्यांच्या तोंडून कधी बरं म्हटलेलं तिने ऐकलं नाही. दोघींमध्ये भांडण असं झालं नाही, पण माया म्हणावी अशीही काही नव्हती. टॉवरमध्ये लक्ष्मीवैनी वरच्या मजल्यावर राहायला गेल्या, मुलगा मयूर आणि सून श्रेया यांच्याकडे, आणि सणावाराला जाण्यायेण्यापुरतं नातं उरलं.

पहिल्या मंगळवारी सात-आठ जणी आल्या. बँकेतून निवृत्त झालेली वैशाली, शेजारच्या विंगमधली रुचिका, आणखी काही. सीमाने त्यांना सुई धरायला शिकवलं, फास घालायला शिकवलं, मग साखळी. साखळी आली की ती गोल जोडायची, त्यावर खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे, खांबांची जाळी वाढवत न्यायची. शेवटी आत छोटा फुगा फुगवायचा, वरून साबुदाण्याची खळ लावायची, वाळल्यावर फुगा फोडायचा की कंदील ताठ उभा राहतो. ऐकायला सोपं. पण पहिल्या दिवशी सगळ्यांच्या साखळ्या इतक्या घट्ट झाल्या की सुई आत जाईना. सीमा एकीकडून दुसरीकडे वाकून बघत फिरली आणि घरी येऊन कंबरेला शेक घेत बसली.

शुक्रवारी श्रेया लक्ष्मीवैनींना हाताला धरून खाली घेऊन आली. तिने सीमाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की आईंचं हल्ली काही लक्षात राहत नाही, परवा गॅस चालूच ठेवला, डॉक्टर म्हणाले हात गुंतवून ठेवा, आणि त्यांना क्रोशा येतोच, तर इथे बसतील. श्रेयाला ऑफिसच्या मीटिंगला पळायचं होतं. ती गेली.

सीमाला वाटलं, आता इतक्या बायकांसमोर लक्ष्मीवैनी आपलं काम बघणार. तिने दोरा आणि सुई लक्ष्मीवैनींसमोर ठेवली. त्यांनी सुई उलटसुलट करून पाहिली, मग लहान मुलीसारखं वर बघून विचारलं, "ह्यां कसां धरूचां गे?"

सीमाला आधी वाटलं, परीक्षा घेताहेत. मग तिने त्यांचे डोळे पाहिले. तिथे परीक्षा नव्हती. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, त्यांच्या बोटांवर बोटं ठेवली आणि फास घातला. दोरा सुईवर, आतून ओढ, परत दोरा सुईवर. लक्ष्मीवैनींचा हात कागदासारखा हलका झाला होता.

पुढच्या वर्गात त्या सगळं विसरून आल्या. त्याच्या पुढच्याही. बाकीच्या बायका खांबांवर गेल्या, वैशालीचा पहिला कंदील वाकडा का होईना उभा राहिला, रुचिकाने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. लक्ष्मीवैनी साखळीवरच होत्या. कुठे घट्ट, कुठे सैल, मध्येच टाका सुटलेला. दर वेळी सीमाने पहिल्यापासून सांगायचं, दर वेळी त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायची.

एका शुक्रवारी सीमाचं डोकं दुखत होतं. रात्रीची झोप नव्हती. लक्ष्मीवैनींनी सुटलेल्या टाक्यावरून तशीच साखळी पुढे नेलेली तिने पाहिली आणि काही न बोलता दोरा धरून ओढला. साखळी सरसर उसवत गेली. लक्ष्मीवैनी रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या.

"चुकलां काय?" त्यांनी विचारलं.

आपण हे मुद्दाम केलं की सवयीने, हे सीमाला कळेना. तिने फास घालून सुई परत त्यांच्या हातात दिली आणि उरलेला वेळ बाकीच्यांकडे पाठ करून दोऱ्याचे गुंडे आवरत बसली.

त्याच आठवड्यात मयूरचा फोन आला. काकी, तुझ्याजवळ आई शांत असते, वर्ग नसेल तेव्हाही दुपारी तुझ्याकडे बसली तर चालेल का, आम्ही आलो की घेऊन जाऊ. सीमाने बरं म्हटलं. मग रोजचं झालं. मयूरला यायला उशीर व्हायला लागला, कधी जेवणही सीमाकडेच. लक्ष्मीवैनींना बाथरूमपर्यंत नेणं, साडी सावरणं, दरवाजा उघडून बाहेर पडत नाहीत ना यावर कान ठेवणं. हे सगळं सीमाच्या हातांना पाठ होतं आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटत होती. हे असंच वाढत जातं, एक दिवस पूर्ण आपलं होतं, आणि झेपेल का, हे कुणी विचारलेलंही नसतं.

अशाच एका दुपारी खिडकीशी दोघी बसल्या होत्या. खाली मसाल्याच्या दुकानांतून मिरची कुटल्याचा वास वरपर्यंत येत होता. सीमा मंडळासाठी नमुन्याचा कंदील विणत होती. लक्ष्मीवैनी बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होत्या.

"तुका कोणी शिकवलां?" त्यांनी विचारलं.

सीमा म्हणाली, "माझ्या जावेने."

"माझी पण एक धाकटी जाव आसा," लक्ष्मीवैनी म्हणाल्या. "जीभ तिखट आसा तिची. पण हात माझ्यापेक्षा बरो. मी तिका कधी सांगूक नाय. सांगलां तर शेफारतली."

सीमाने विणकाम मांडीवर ठेवलं. मग तिने विचारलं, "आता कुठे असते ती?"

लक्ष्मीवैनींनी थोडा विचार केला. "असात खंयतरी," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

हे ऐकायला सीमाने एके काळी काय दिलं नसतं. पण आता ऐकलं तर छातीत काही उसळलं नाही. डोळे भरले, तेही थकव्यानेच असं तिला वाटलं. सांगायला नवरा नव्हता, सासू नव्हती, ज्या चाळीने ती उसवलेली पदकं पाहिली होती ती चाळ नव्हती. आणि जिने म्हटलं तिला आपण कोणाला म्हटलं हे ठाऊक नव्हतं. सीमाने उठून चहा टाकला, लक्ष्मीवैनींचा बशीत ओतून निववला आणि त्यांना पाजला.

संध्याकाळी मयूर आला तेव्हा तिने त्याला बसायला सांगितलं.

"मयूर, मी मंगळवार-शुक्रवार तुझ्या आईला बघेन. वर्गात माझ्या शेजारी बसवीन. बाकीचे दिवस नाही."

मयूरला ते लागलं. घरातलंच माणूस आहे काकी, तो म्हणाला.

"घरातल्याच माणसांचं केलं मी आत्तापर्यंत," सीमा म्हणाली. "आता मी दमलेय रे."

आवाज चढला नव्हता. मयूर आईला हाताला धरून वर घेऊन गेला. काही दिवस त्याचा फोन आला नाही. श्रेया मात्र दुसऱ्याच दिवशी येऊन तिच्याजवळ नुसती बसली, आणि जाताना म्हणाली, काकी, तुम्हाला झेपतंय का, हे आम्ही विचारायलाच हवं होतं. आठवड्याभरात त्यांनी शिवडीहून येणारी एक बाई ठेवली. तिचं नाव तुळसा. ती सकाळी येते, श्रेया परतली की जाते.

दिवाळीला टॉवरच्या लॉबीत बायकांचे कंदील ओळीने लागले. काही फुग्यासारखे गोल, काही चेपलेले. वैशाली येणाऱ्याजाणाऱ्याला आपला कोणता ते दाखवत होती. मंडळाच्या बायकांनी सीमाला विचारलं, आता नाताळचे तारे शिकवाल का. वर्ग चालू राहील, पण साखळीच्या पुढचं वैशाली शिकवेल, मी फक्त नव्यांना बघेन, असं सीमाने सांगितलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा त्यांनी ते सहज मानलं.

लक्ष्मीवैनी अजून मंगळवारी-शुक्रवारी खाली येतात. साखळी घालतात, टाका सुटतो, सीमा उसवत नाही, सुटू देते. त्या तिला कधी गे म्हणतात, कधी बाई, एकदा आई म्हणाल्या. सीमा ज्या नावाने हाक येईल त्याला ओ देते. बाकीच्या दिवशी दुपारी ती फोन बंद करून आडवी होते. कुणी हाक मारल्यासारखं होऊन अजूनही जाग येते, पण आता ती उठून बसत नाही. कूस बदलते, आणि बहुतेक वेळा परत झोप लागते.