सिनेमातली पहिली बायको

गायक-वादकांच्या आयुष्यावरचे सिनेमे मी इस्त्री करता करता बघते. लक्ष द्यावं लागत नाही. लहानपणी घरात एक मरण, मग जुनं वाद्य, पहिलं रेकॉर्डिंग, दारू आणि शेवटी टाळ्या. मधे कुठेतरी कडेवर मूल घेऊन दारात उभी राहणारी पहिली बायको. तिला गाण्यातलं काही कळत नसतं. एवढं सगळं माहीत असूनही शेवटच्या गाण्याला माझी इस्त्री थांबतेच.

अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला असताना एका रविवारी दुपारी लायब्ररीतून आणलेली अशीच एक डीव्हीडी लावली होती. नवरा आणि बारा वर्षांची मुलगी सोफ्यावर. पडद्यावर नायक गिटार उचलून निघाला, बायको दारात आली.

"आता म्हणेल, घर कोण बघणार?" मी म्हणाले.

ती जवळजवळ तेच म्हणाली.

"आई, दॅट्स चीटिंग! तू आधी बघितलायस!"

"बघितला नाही," नवरा म्हणाला. "मंगळवारी हा सीन केलाय. किचनमध्ये, डिशवॉशर भरताना."

मी हसले. तो हसला नाही.

मंगळवारी मी एवढंच विचारलं होतं, की दर शनिवारी तू तबला घेऊन प्रॅक्टिसला पळतोस, तर हिला स्विमिंगला कोण नेणार? तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तो साथीला बसणार होता. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच.

"मी सोडलं ते," तो म्हणाला. "बुधवारी काकांना फोन केला. दुसरा तबलजी बघा म्हटलं."

काका म्हणजे मंडळात गाणारे रिटायर्ड डॉक्टर. मी थक्क झाले. चार दिवस हा माणूस माझ्याशी दूध, बर्फ, गाडीचे टायर यांवर नीट बोलत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? कोण नेणार विचारलंस. मी नेणार."

त्या दारातल्या बायकांची मी वर्षानुवर्षं टर उडवली होती. आणि मुलांना पोहायला कोण नेतं, हे ते सिनेमे कधीच दाखवत नाहीत, हेही त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं.

मी इस्त्री बंद करून काकांना फोन लावला. "शनिवारी मुलीला मी नेते. ह्याला परत घ्या."

"अगं, दुसरा मिळाला की! नागपूरचा इंजिनिअर आहे, हात फार गोड. वाजवायला टाळ आहेत. चालतील का विचार."

नवरा चालतील म्हणाला.

संक्रांतीला तो मागच्या रांगेत टाळ घेऊन बसला. नवा तबलजी खरंच चांगला होता, टाळ्याही त्यालाच मिळाल्या. मी मात्र नवऱ्याच्या हातांकडे बघत होते. टाळ खाली ठेवले की त्याची बोटं मांडीवर चालू व्हायची.