पिवळ्या पानांची चौकशी

ऑक्टोबर २००७ मधला एक शनिवार, पहाटेची वेळ, एर्लांगेन स्टेशन. हजर: मी, हे, माझ्या सासूबाई आणि ह्यांचे मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी. गैरहजर: आमची कन्या. तिने आदल्या संध्याकाळी "काइने लुस्ट", म्हणजे मूड नाही, एवढंच जर्मनमध्ये सांगून अंग काढून घेतलं होतं.

दुसऱ्याला धक्का द्यायला आवाज चढवावा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या भाऊजींना पाहिलेलं नाही. हा माणूस मान खाली घालून, चहात बिस्किट बुडवता बुडवता असं काही बोलून जातो की समोरच्याच्या हातातला कप तिथेच थांबतो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी, वय बावन्न, लग्न केलेलं नाही. डॉक्टरेटसाठी आले ते एर्लांगेनलाच राहिले. लहानपणी आई गेल्यावर त्यांना माझ्या सासूबाईंनी वाढवलं. पुढे त्यांच्यासाठी मुली पाहायचं कामही सासूबाईंनीच केलं. भाऊजी सुट्टीवर आले की मुलगी बघायला निमूटपणे जायचे, पोहे संपवायचे आणि मुलीच्या वडिलांना त्यांच्या अंगणातल्या झाडाचं वय विचारायचे. शेवटी सासूबाईंनी तो विषय काढणंच सोडून दिलं.

जर्मनीत आल्यावर मला बसलेला पहिला मोठा धक्का भाऊजींच्या तिकिटाचा. इथे पाच माणसांना मिळून एकच दिवसाचं तिकीट काढता येतं आणि त्यावर राज्यभर साध्या गाड्यांनी हिंडता येतं. आपण चार असलो तर चार जातो. भाऊजींना ते पटत नाही. पाच माणसांच्या तिकिटावर चारच जाणं म्हणजे वाढलेलं पान तसंच टाकून उठणं, असं त्यांचं मत. मग ते फलाटावर फिरून पाचवं माणूस शोधून आणतात. एकदा त्यांनी चर्चमधली एक नन आणली, एकदा अ‍ॅकॉर्डियन घेतलेले आजोबा आणले. एक पोलिश प्लंबर आणला होता, त्याने प्रवासात माझे सगळे धपाटे संपवले आणि नंतर आमच्याकडे गणपतीला दोन वर्षं येत राहिला. मी खाण्याची तयारी नेहमी मोजून करते. भाऊजी बरोबर असले की एका अनोळखी माणसाचं जास्तीचं धरते.

पानगळीच्या सहलीचं तर विचारूच नका. ऑगस्टमध्ये, सगळं हिरवंगार असताना, भाऊजी चौकशीला सुरुवात करतात. दक्षिणेकडे, आल्प्सच्या पायथ्याशी तळ्याकाठचं एक गाव आहे. तिथल्या पर्यटन कचेरीत ते दर आठवड्याला फोन करायचे. आमच्या स्वयंपाकघरातून केलेले फोन मी स्वतः ऐकले आहेत. "आल्झो, मेपल कुठवर आलंय? आणि बीचची झाडं? गेनाऊ, गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. एखाद्या आजारी नातेवाइकाची विचारपूस करावी तसा सूर. तिकडून एक बाई शांतपणे उत्तरं द्यायच्या. मी ह्यांना म्हणायची, त्या बिचारीची दया येते. मात्र आम्हाला त्या गावी भाऊजींनी कधीच नेलं नाही. पानं अजून तयार नाहीत किंवा कालच गळली, असं दर वर्षी कारण असायचं.

गेल्या वर्षी, म्हणजे २००७ साली, सासूबाई आमच्याकडे आल्या आणि भाऊजींनी जाहीर केलं, या खेपेला जायचं. सासूबाईंना काडीचा उत्साह नव्हता. वाळलेला पाला बघायला तीन गाड्या बदलायच्या आणि वर दुखरे गुडघे घेऊन डोंगर चढायचा, हे त्यांना पटेना. पण भाऊजी म्हणतात म्हणून निघाल्या. लुगड्यावर ह्यांचं जाड जाकीट, पायात माझ्या मुलीचे गुलाबी मोजे आणि बूट. मी पाचव्या माणसाचं काय, म्हणून भाऊजींकडे पाहिलं. ते फलाटावर हललेसुद्धा नाहीत. "पाचवं माणूस तिकडे आहे, वहिनी. परतीला आपल्याबरोबर येईल. म्हणजे, मावशी हो म्हणाली तर."

मला वाटलं, एखादं म्हातारं कुत्रं पाळायला आणायचा विचार असावा. भाऊजींच्या बाबतीत तेही शक्य होतं.

गावच्या फलाटावर एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पाठीला छोटी बॅग, हातात घडीचं स्टूल. भाऊजी गाडीतून उतरले आणि बिस्किट बुडवायच्या सुरात म्हणाले, "मावशी, ही एल्के. पानांची माहिती हीच द्यायची. आम्ही लग्न करावं म्हणतोय. तू बघून घे."

हे पाण्याची बाटली तोंडाला लावून होते, त्यांना ठसका लागला. इतक्या वर्षांचे ते मेपल आणि ते बीच माझ्या कानांवरून गेले होते आणि मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. सासूबाईंनी एल्केबाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चालायला लागल्या.

वाट तळ्याच्या कडेने हळूहळू चढत जात होती. थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं की एल्केबाईंनी रस्ता बाकांच्या हिशेबाने आखला आहे. सासूबाईंचे गुडघे बोलू लागायच्या आत बाक यायचा. एका ठिकाणी बाक नव्हता, तिथे स्टूल उघडलं गेलं. सहलीची आखणी आमच्या घरात माझ्याइतकी कोणी करत नाही, पण स्टूल मला सुचलं नव्हतं. वर पोचलो तेव्हा अख्खा उतार पिवळा आणि तांबडा झाला होता, तळ्यात त्याचंच प्रतिबिंब, आणि वारा आला की पानं एकदम सुटायची. कोणीही तिकडे पाहत नव्हतं. आम्ही तिघं सासूबाईंचा चेहरा पाहत होतो. एल्केबाई त्यांच्या शेजारी बसून सफरचंद सोलत होत्या. त्यांनी फोड पुढे केली. सासूबाईंनी ती घेतली, खाल्ली आणि भाऊजींना जवळ बोलावलं.

"बावन्नाव्या वर्षी मुलगी दाखवायला आणलीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण आधी सांगायचं तरी. बरं लुगडं नेसले असते. तिनं मला पहिल्यांदा बघितलं ते असल्या गुलाबी मोज्यांत."

भाऊजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एल्केबाईंना बोलणं कळलं नव्हतं. त्या घाबरून एकदा माझ्याकडे आणि एकदा ह्यांच्याकडे पाहत होत्या. मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं की संध्याकाळी तुम्ही आमच्याबरोबर गाडीत आहात.

लग्न येत्या मे महिन्यात आहे. दाखले, भाषांतरं, नगरपालिकेतली तारीख, जेवणाची माणसं, सगळं मी मार्गी लावलं आहे. सासूबाई दिवाळीनंतर परत गेल्या. जाताना विमानतळावर त्यांनी मला एकच काम सांगितलं. सांगलीला भाऊजींच्या मोठ्या बहिणीला, अक्कांना, ही बातमी मी द्यायची. स्वतः भाऊजींना ते जमणार नाही, आणि मी मुद्द्याचं बोलते, असं त्यांचं म्हणणं.

अक्कांना एल्केबाईंबद्दल राग येईल असं नाही. पण त्यांनी घर बांधलं तेव्हा वरची एक खोली भाऊजींसाठी काढून ठेवली होती. निवृत्त झाला की तो इकडेच येणार, असं त्या सगळ्यांना सांगतात. तिथे कोणाला झोपू देत नाहीत. भाऊजींना सकाळचं कोवळं ऊन आवडतं म्हणून खिडकी पूर्वेला घेतली आहे, आणि त्या खिडकीबाहेर बदामाचं झाड लावलं आहे. त्याची पानं गळायच्या आधी लाल होतात, हे अक्कांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी हो हो म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दर रविवारी सासूबाई विचारतात, सांगितलंस का. अजून सांगितलेलं नाही.