वर फक्त हातभर

आम्ही राहतो त्या चँडलर शहराच्या दक्षिणेला नदी आहे, पण पहिली बरीच वर्षं मी तिला पुलावरून ओलांडायचा रेतीचा पट्टाच समजत होते. मग वरच्या गावची नगरपालिका, नदीकाठची मूळनिवासी जमात आणि खालचे शेतकरी यांनी मिळून काठ वाटून घेतला. ज्याच्या वाट्याला जो तुकडा, त्याने तिथली झाऊची परदेशी झुडपं उपटायची आणि इथली विलोची झाडं लावायची. आमच्या मराठी मंडळानेही एक तुकडा मागून घेतला. पुढाकार अर्थातच माझा.

विलो लावायची रीत अजब. पुरुषभर उंचीच्या काठ्या घ्यायच्या, गिरमिटाने ओली माती लागेपर्यंत भोक पाडायचं आणि काठी त्यात गाडून वर फक्त हातभर ठेवायची. मला ते बघवेना. शेवग्याची फांदी आपण अशी पुरतो का? शिवाय मंडळाच्या फोटोत दिसणार काय, खुंट? मी भोकं निम्मी बुजवायला लावली. आमच्या काठ्या ऐटीत उभ्या राहिल्या, आणि त्यांना पाणी घालायला मी सगळ्यांच्या पाळ्या लावल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला पाठ होती. स्वतःला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यापर्यंत शेजारच्या तुकड्यातले खुंट हिरवेगार झाले. आमची एकूण एक काठी वाळली. लेकीने त्यातली एक कटकन मोडून दाखवली.

"आई, दे आर ऑल डेड."

झाऊ पुन्हा डोकं वर काढत होता. मला रडूच आलं. आता तुकडा काढून घेतील, आणि तो माझ्या हट्टापायी जाईल, हे स्पष्ट दिसत होतं.

सगळ्या भागीदारांच्या बैठकीत मी उभी राहिले आणि केलेलं कबूल केलं. जमातीची रोपवाटिका सांभाळणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. आमची मुलं त्यांना काकूच म्हणायची. त्या हसल्या.

"तुमच्या झाऊचं बी पाण्याबरोबर आमच्याकडेच येणार. तुम्हाला सोडून आमचं कसं चालेल?"

थंडीत काकूंनी स्वतःच्या झाडांच्या काठ्या आणल्या. शेतकऱ्यांनी गिरमिट आणलं, नगरपालिकेची माणसं झाऊ उपटायला आली. मी सांगतील तेवढ्या खोल काठ्या गाडत गेले. त्या वर्षी आम्ही फोटो काढलाच नाही.

आज तिथे गर्द सावली आहे. मंडळाची सहल तिथेच असते, आणि पोह्यांची ताटली पक्ष्यांपासून सांभाळावी लागते. मला त्या झाडांचा भयंकर अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

यंदाच्या बैठकीत एका नव्या गटाला लावायला काठ्या हव्या होत्या. काकूंनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"यांच्याकडून घ्या. यांच्यासारखे विलो काठावर कुणाचे नाहीत."

आमच्या झाडांच्या काठ्या मी स्वतः कापून त्या गटाच्या ट्रकमध्ये भरल्या. त्यांच्यातले एक गृहस्थ एक काठी हातात घेऊन हळहळले. एवढी सुंदर काठी सगळी पुरायची?

"पार गाडा," मी म्हटलं. "वर फक्त हातभर."