मेलेली तार

आमच्या जिंतूरकडच्या भागात तारेचे दोनच प्रकार. चालू तार आणि मेलेली तार. मोटर बंद पडली की तार मेली, असं लोक सरळ धरून चालतात. मी सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. घसा कोरडा करून सांगतो की बाबांनो, तार आपोआप मरत नसते, ती इथून आम्हाला मारावी लागते. ऐकतंय कोण! पालथ्या घड्यावर पाणी.

माझं काम पॅनेलसमोर बसून काट्यांवर नजर ठेवायचं. तार तुटून जमिनीला टेकली की करंट एकदम वाढतो, रिले नावाची डबी ते ओळखते आणि फीडर पडतो, म्हणजे त्या लाईनवरच्या सगळ्या गावांची लाईट जाते. लोक आम्हाला आईबहिणीवरून शिव्या देतात, पण जीव वाचतो. उन्हाळ्यात मात्र आमची काळी जमीन अशी कोरडीठाक होते की पडलेल्या तारेतून करंट तिच्यात धड उतरतच नाही. मग रिले गप्प आणि तार जिवंत. एवढी भीती मला सापाची पण वाटत नाही.

मे महिन्यातली दुपार होती. शेतीच्या फीडरला तीन तारांचे तीन काटे. नोंदवही भरून मान वर केली, तर त्यातला एक खाली बसलेला, दोन जागेवर. रिले ढिम्म. एकाच तारेचा भार गेला म्हणजे ती कुठंतरी तुटली असणार. कुणाला विचारत बसलो नाही, हातानं फीडर पाडला. लगेच साहेबांचा फोन.

"रिले चालला नाही, मग तू कशाला पाडलास? लय शहाणा झालास का?"

मी म्हटलं, "साहेब, तुमचा रिले आंधळा हाय. माझे डोळे शाबूत हायत." आणि फोन ठेवला.

पाठोपाठ दुसरा वाजला. वाटलं, आल्या शिव्या. पण हा माणूस शिव्या देत नव्हता.

"लाईट बंद केली का तुमी? नक्की केली का? हात लावू का आता?"

"कुणाला?"

"माझ्या पोराला. तारेवर पडलाय."

मागं एक बाई ओरडत होती, सोडा मला, सोडा मला. मी म्हटलं, "थांबा दादा, मी सांगेपर्यंत हलू नका." फोन कानाला लावून तसाच यार्डात पळालो, लाईन पुरती तोडायचं हँडल ओढलं, वर बघून स्विचची तिन्ही पाती सुटल्याची खात्री केली आणि म्हटलं, "लावा." त्यानंतर फोनवर जे ऐकू आलं ते मी लिहिणार नाही.

पोराला बायको-लेकरं होती. मोटर बंद पडली म्हणून बघायला निघाला, तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तार पडलेली. "मेलेली हाय," म्हणाला, आणि बैलांच्या पायात येऊ नये म्हणून हातानं बाजूला सारायला गेला.

चौकशी झाली. रिलेमधली नोंद काढली, तर तिच्यात फॉल्टच नव्हता. माणूस जळून गेला आणि त्या डबीला मुंगी चावल्याएवढं पण कळलं नव्हतं. रिले ठणठणीत आहे, असा शेरा मारून साहेब चहाला गेले. आग लागो त्या शेऱ्याला!

तेरावं झाल्यावर पोराचा बाप सबस्टेशनवर आला. पाणी दिलं, त्यानं तोंडाला लावलं नाही.

"मशीनमधी समदं उमटतं म्हनं. पोरगं कवा गेलं, तेवढं बघून सांगा."

"आता कशाला, दादा?"

"त्याची माय त्याला वढायला धावली. म्या तिला कवळ्यात धरून ठिवलं. तुमी बंद केली म्हणीस्तोवर सोडलं न्हाई. तवर पोरगं जित्तं होतं का, एवढंच पायजे मला."

खोटं बोलावं असं फार मनात आलं. जमलं नाही. म्हटलं, "न्हाई उमटलं. मशीनला कळलंच न्हाई." मला राहवेना. "पण तुमी धरलं ते बरोबर केलं, दादा. सोडलं असतं तर तुमचं पोरगं आन् त्याची माय, दोघं गेले असते."

त्यानं मान हलवली.

"ती बी तेच म्हनायलीय. दोघं गेलो असतो तर बरं झालं असतं, म्हनायलीय."