ब्लूजमधले दोन जास्तीचे सूर

गिटारवाल्यांनो, डाव्या हाताचं मधलं बोट सुजून टम्म झालंय. उजव्या अंगठ्यानं टाइप करून राहिलो.

आज दुपारी हदगावात आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम होती. संध्याकाळी हळदीचा कार्यक्रम. मी ब्लूज स्केल, ती अमेरिकी ब्लूज गाण्यांची सुरावट, वाजवत होतो. त्यात सहाच सूर असतात. मी हात न सरकवता त्याच पोझिशनमध्ये शुद्ध गंधार आणि शुद्ध धैवत घातले. कोमल गंधारावरून शुद्धवर घसरलं की अंगावर काटा येतो.

आमचा गायक अन् ऑर्केस्ट्राचा मालक संतोषदादा उठला.

"लई शहाणा झालास का रे? सहा सूर हायत, सहाच वाजव."

मी मुद्दाम पुन्हा वाजवलं. त्यानं तारांवरच्या माझ्या बोटांवर बुक्की हाणली. तारा मांसात रुतल्या. मी गिटारचा दांडा त्याच्या बरगडीत खुपसला. ड्रमवाल्यानं आम्हाला ओढून वेगळं केलं.

संध्याकाळी स्टेजवर मी उरलेल्या तीन बोटांनी गुमान सहा सूर वाजवत होतो. दादानं आलाप घेतला. कोमल गंधारावरून शुद्धवर, अगदी माझ्यासारखाच घसरत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

उद्या बिलोलीत कार्यक्रम हाय. तुम्हीच सांगा, तो सूर वाजवू का त्याचं तोंड फोडू?